मी कूलरची बाजू घेतली तेव्हा

वादात मी कधी हरलो नाही. सक्करदऱ्याच्या आमच्या चौकातल्या पानठेल्यावर कोणालाही विचारा. शाळा चौथीपर्यंत, त्यानंतर पत्रा, कात्री आणि हातोडी. पण समोर वकील असो की मास्तर, शेवटचं वाक्य माझंच असायचं. ते वाक्य खरं असायचं की नाही, हा प्रश्न मला बहात्तर वर्षं पडला नव्हता. पडला तो बायकोच्या खोकल्यामुळे.

मी कूलर बनवणारा. आजकालचे प्लास्टिकचे नाहीत. पत्र्याचे, ट्रंकेएवढे, खिडकीबाहेर लोखंडी स्टँडवर बसणारे. तीन बाजूंना घास, म्हणजे लाकडाचा कीस, भरलेल्या जाळ्या, खाली पाण्याची टाकी, आत पंप आणि पंखा. टाकी झाळून, म्हणजे कथलानं सांधून झाली की मी ती पाण्यानं भरायचो आणि खाली कोरडं वर्तमानपत्र अंथरायचो. दुसऱ्या दिवशी कागदावर डाग दिसला की तिथं पुन्हा झाळ. कागद कोरडा राहिल्याशिवाय माझा कूलर दुकानाबाहेर गेला नाही. आमच्या झोपायच्या खोलीतला कूलर मी पोरगा झाला त्या वर्षी बनवला. त्याच वेळी तसाच दुसरा बनवून सावनेरला साळ्याच्या घरी दिला. दुकान बंद होऊन आता बरीच वर्षं झाली, पण घरच्या कूलरला मी दुसऱ्या कोणाचा हात लागू दिला नाही. घास मी बदलायचा, पाणी मी भरायचं, टाकी मी धुवायची.

या वर्षी होळीनंतर कूलर सुरू केला आणि आठ-दहा दिवसांत बायकोला खोकला लागला. आधी कोरडा. मग असा की ती उठून बसायची आणि छातीवर हात दाबून धरायची. स्वयंपाकघरातून हॉलपर्यंत येताना दाराची चौकट धरून थांबायला लागली. "श्वास पुरत नाही," असं ती सुनेला म्हणाली. मला नाही म्हणाली.

पोरानं आम्हा दोघांना छातीच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर पोरसवदा, मिशीसुद्धा नीट फुटली नव्हती. त्यानं तिची छाती तपासली, औषध लिहिलं आणि विचारलं, "झोपता त्या खोलीत कूलर आहे का?"

"कोणाच्या घरी नाही?" मी म्हणालो.

"ओल असते, बुरशी असते. काही दिवस बंद ठेवून पाहा. नक्की कूलरच, असं मी म्हणत नाही."

"तुमच्या दवाखान्यात एसी हाये म्हणून कूलर वाईट झाला काय?"

डॉक्टर हसला. बायकोनं मागून माझा सदरा ओढला.

घरी आल्यावर पोरगा म्हणाला, "बाबा, सीताबर्डीत जाऊन एसी पाहून येऊ." तिथून जे सुरू झालं ते मी इथं लिहितो, कारण ते माझं मलाच पुढं कितीतरी दिवस पाठ राहिलं. मी म्हणालो, चाळीस वर्षं मी लोकांच्या खिडक्यांना कूलर लावले, एक माणूस खोकत परत आला नाही. म्हणालो, समोरच्या बिल्डिंगमधल्या साहेबाकडं एसीच होता, तो काहून गेला मग? म्हणालो, आज कूलर काढा, उद्या म्हणाल खिडकी बुजवा, परवा म्हणाल या म्हाताऱ्यालेच बाहेर काढा. एक तर कूलर राहील, नाहीतर शेहेचाळीस डिग्रीत तुमच्या मायला भाजून काढा, काय ते ठरवा. आणि शेवटी आवाज चढवून म्हणालो, "म्हंजे तुम्ही म्हणून राहिले का मी माझ्या बायकोले मारून राहिलो?"

असं कोणीच म्हटलं नव्हतं. पोरगा नेहमीसारखा गप्प झाला. बायकोनं माझ्या पुढचं ताट उचललं आणि आत गेली. ती काही बोलली नाही, म्हणजे तिला पटलं, असं मी धरून चाललो. कूलर चालूच राहिला.

आमची सून कनिष्ठ महाविद्यालयात तर्कशास्त्र शिकवते. हे शास्त्र काय आहे ते मी लग्नाच्या बोलणीत विचारलं होतं. तिच्या वडिलांनी सांगितलं, बरोबर विचार कसा करायचा ते. मी म्हणालो होतो, ते शिकवावं लागते काय? त्यावर दोन्हीकडचे हसले होते आणि मीही जिंकल्यासारखा हसलो होतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती जेवायच्या टेबलावर अकरावीचे पेपर तपासत बसली होती. मी पाणी प्यायला आलो.

"मामाजी, रागावणार नसाल तर एक सांगू?"

"राग आल्यावर ठरवीन."

"काल तुम्ही जे बोलले ना, ते जवळपास सगळं आमच्या पुस्तकात आहे."

मला बरं वाटलं. "पाह्य! शिकलो नाही, तरी पुस्तकात हाओ."

"दोषांच्या धड्यात आहे."

मी ग्लास खाली ठेवला. ती घाबरली नाही. लाल पेन हातात धरून म्हणाली, "डॉक्टरच्या दवाखान्यात एसी आहे म्हणून तो कूलरच्या विरुद्ध बोलतो. यातला दोष ओळखा."

"डॉक्टरचा दोष."

"बोलण्यातला दोष, मामाजी. डॉक्टर काय म्हणाला ते तुम्ही पाहिलंच नाही. डॉक्टर कोण आहे तेवढं पाहिलं."

त्या दिवशी मी चारचा चहा घेतला नाही. आमच्या घरात मी चहा घेतला नाही म्हणजे काहीतरी झालं, हे सगळ्यांना समजते. सुनेनं कप झाकून ठेवला, पण माफी मागितली नाही. ही मुलगी मला तेव्हाच थोडी आवडली असावी, पण मी ते कबूल केलं नाही.

आत खोलीतून खोकल्याचा आवाज येत होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी आपणहून टेबलाशी जाऊन बसलो. "शिकव," म्हणालो. "पण हळू. अन् तुझे ते मोठेमोठे शब्द नको."

मग आमची रोज दुपारची शाळा भरू लागली. ती पेपर तपासता तपासता मला एकेक सांगायची. पुस्तकातल्या नावांना माझी जीभ अडखळायची, म्हणून मी माझी नावं ठेवली. माणसावर घसरायचं आणि त्याच्या म्हणण्याला हात लावायचा नाही, ते 'अंगावर जाणं'. कूलर, मग खिडकी, मग म्हातारा, हे 'आज-उद्या-परवा'. त्यात मधली कडी कोणी जोडून दाखवत नाही, नुसती भीती घालते. समोरच्याच्या तोंडात आपण बनवलेलं वाक्य कोंबायचं आणि मग त्या वाक्यावरच तुटून पडायचं, याला नाव ठेवायचं राहून गेलं, कारण ते ऐकताना मला माझा त्या संध्याकाळचा आवाज ऐकू आला.

एका पोरीनं पेपरात दोषाचं उदाहरण लिहिलं होतं, 'आई म्हणते, अभ्यास कर नाहीतर भांडी घास.' सुनेनं पूर्ण गुण दिले.

"यात चूक काय हाये? बरोबरच म्हणते माय."

"दोनच रस्ते दाखवले ना. अभ्यास करून भांडीही घासता येतात. दोन्ही न करता झोपताही येतं."

मी विचार केला. एक तर कूलर, नाहीतर भाजून काढा. या दोघांच्या मध्ये छताचा पंखा होता. खिडकीला ओला पडदा होता, दुसरी खोली होती. मी इतक्या वर्षांचा कारागीर, मला मधलं काही दिसलं नाही. दिसलं नाही की मी पाहिलं नाही, ते आता सांगता येत नाही.

चार दिवसांत माझं सगळं बोलणं तिनं भरून ठेवलेल्या टाकीसारखं तपासलं आणि जागोजागी डाग दाखवले. पण मीही काही कच्चा नव्हतो. पाचव्या दिवशी मी विचारलं, "बाई, माझी कारणं गळून राहिली, मान्य. पण माझी कारणं खोटी निघाली म्हणून कूलर गुन्हेगार ठरला काय?"

तिनं पेन खाली ठेवलं. माझ्याकडं पाहिलं, पेपरांकडं पाहिलं. "नाही, मामाजी. ते वेगळं सिद्ध करावं लागेल."

"मंग कर ना!"

"हे अकरावीच्या वर्गात मला अजून कोणी विचारलं नाही," ती म्हणाली आणि मनापासून हसली. मी त्या दिवशी चहा दोन कप घेतला.

त्याच आठवड्यात सावनेरला साळ्याच्या नातीचं बारसं निघालं. बायको आठ दिवसांसाठी माहेरी गेली. मी गेलो नाही, मला लोकांच्या घरी झोप येत नाही. आठ दिवसांनी पोरानं तिला परत आणलं तेव्हा मी गॅलरीत उभा होतो. ती जिना न थांबता चढून आली आणि दारातूनच म्हणाली, "काय जी, वाळून गेले. जेवले नाही काय?" एवढं लांब वाक्य तिनं दीड महिन्यात एका दमात म्हटलं नव्हतं. खोकला नव्हता.

तिसऱ्या दिवशी तो परत आला.

आता जे लिहितो ते लिहायला मला कठीण जाते. ती पलंगावर बसून खोकत होती आणि मला आनंद झाला. कारण मला माझा मुद्दा सापडला होता. मी तडक सुनेकडं गेलो.

"सावनेरले कोणता कूलर हाये, माहीत हाये काय? माझ्या हातचा! एकाच वर्षी बनवलेले दोघं, एकच पत्रा, एकच माप, एकच घास. तिथं आठ दिवस त्याच्याच हवेत झोपली तर खोकला गेला. मंग कूलर निर्दोष झाला का नाही? यात दोष काढ."

तिनं हातातला पेपर बाजूला ठेवला. मग म्हणाली, "हा मुद्दा चांगला आहे, मामाजी. खरंच चांगला आहे. मला यात दोष दिसत नाही."

असं प्रमाणपत्र मला आयुष्यात कोणी दिलं नव्हतं. मी ते घेऊन पानठेल्यावर जायला निघालो, चप्पल घातली आणि जिन्याच्या दुसऱ्या पायरीवर थांबलो.

दुकानात दोन सारखे पंखे असले आणि त्यातला एक घरघर करू लागला, तर आम्ही चांगल्या पंख्याची आरती करत बसत नसू. या दोघांत फरक काय, ते शोधत असू. दोन सारखे कूलर, दोन्ही माझ्या हातचे. एकापाशी खोकला नाही, एकापाशी आहे. मग फरक काय? मी जिंकण्यासाठी आणलेला मुद्दा माझ्याकडंच तोंड करून उभा राहिला.

मी पायरीवर बसूनच साळ्याला फोन लावला.

"कसा चालून राहिला गा कूलर?"

"मस्त जी भाऊजी! एकदम गार. तुमच्या हातचा माल हाये."

"टाकी कोण धुते?"

"माझी बायकोच धुते ना. दर तिसऱ्या दिवशी पाणी काढून घासते. तुम्हीच नाही काय तिले सांगून ठेवलं होतं? घासल्याशिवाय कोणाले हवा खाऊ देत नाही बावा. काहून, काही झालं काय?"

"नाही, काही नाही," मी म्हणालो आणि फोन ठेवला.

मी घरात आलो, कूलरची मागची जाळी जेमतेम सरकवली आणि आत पाहिलं. भर दुपारच्या उन्हात सगळं स्पष्ट दिसत होतं. तळाला हिरवा-काळा गाळ, कडेला क्षारांचा थर, घासाच्या मुळाशी बुळबुळीत काहीतरी. वास असा की मी तोंड फिरवलं. हा कूलर दुसऱ्या कोणाच्या घरी असता तर मी त्या घरच्या माणसाला चार शब्द सुनावले असते.

गोष्ट अशी की दोन वर्षांपासून माझे हात थरथरतात. कप धरला की बशी वाजते, म्हणून मी बशी घेणं सोडलं. मागच्या उन्हाळ्यात स्टुलावर चढून टाकी धुवायला जाळी काढली, तर ती हातातून सुटली आणि खाली गाडीवर पडली. मी सांगितलं, हवा आली. त्यानंतर मी दर रविवारी गॅलरीत जायचो, बादली वाजवायचो, फरशीवर थोडं पाणी सांडायचो आणि आत येऊन म्हणायचो, "झाली टाकी." खरं म्हणजे मी फक्त पाणी भरत होतो. हे कोणाला माहीत नाही, असं मी समजत होतो.

बायको हॉलमध्ये ताटात तुरीची डाळ घेऊन निवडत होती. मी तिच्यासमोर खाली बसलो. खाली बसायला मला आता वेळ लागतो, तेवढ्या वेळात तिनं माझ्याकडं पाहिलं.

"टाकी धुतली जात नाही, तुले माहीत होतं काय वं?"

तिनं एक खडा बाजूला ठेवला. "वास तर येऊन राहिला होता ना जी."

"कधीपासून?"

"होळीपासून. चालू केला तव्हापासूनच."

"मंग काहून नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर तुम्ही स्टुलावर चढले असते." ती थोडी खोकली, थांबली. "मागच्या साली जाळी पडली, तव्हा मी खिडकीतच उभी होती. हवा कुठं होती? झाडाचं पान हालत नव्हतं."

मीही ताटातला एक खडा उचलून बाजूला ठेवला.

"एवढे दिवस खोकलत राहिली," मी म्हणालो. "मले वाटलं, तू माझ्या बाजूनं हायेस."

"तुमच्याच बाजूनं होती. कूलरच्या बाजूनं नव्हती."

आणि ती परत डाळ निवडू लागली.

सुनेच्या पुस्तकात हा दोष कोणत्या पानावर आहे ते मी विचारलं नाही. समोरचा माणूस गप्प आहे, म्हणजे त्याला पटलं. मी अठ्ठेचाळीस वर्षं या बाईशी वाद घातले आणि प्रत्येक वेळी ती गप्प झाली की एक वाद जिंकला असं मनात लिहून ठेवलं. पोराला कोणत्या शाळेत घालायचं, तिच्या आईला इथं आणायचं की नाही, घराला रंग कोणता. त्या प्रत्येक वेळी तिला काय म्हणायचं होतं, ते मला आज माहीत नाही. मी विचारलंच नव्हतं. माझ्या हातांसारखंच काहीतरी ती तेव्हाही सांभाळत असेल काय, हा विचार त्या दुपारी मनात आला तो अजून गेलेला नाही.

चहाच्या वेळी मी सगळ्यांसमोर सांगितलं. हात दाखवले. टेबलावर ठेवले तेव्हाही ते हलतच होते.

पोरगा म्हणाला, "बाबा, मी धुतली असती ना."

"तू धुतली असती. मी धुऊ दिली नसती," मी म्हणालो. ते खरंच होतं.

सुनेनं माझ्यापुढं चहा ठेवला, कप अर्धाच भरलेला. सांडू नये म्हणून. नंतर तिनं दुसऱ्यांदा अर्धा दिला. तेव्हापासून आमच्या घरी तीच पद्धत आहे.

कूलर पंधरा दिवस पूर्ण बंद ठेवला. डॉक्टरनं सांगितलं होतं तसा. पंखा आणि ओला पडदा यांच्यावर ते दिवस कसे काढले ते सांगत नाही, पण भाजून कोणी निघालं नाही. पोरानं टाकी उतरवली, दोन दिवस उन्हात ठेवली, घास नवा भरला. मी खाली खुर्चीवर बसून सांगत होतो आणि बायको खिडकीतून माझ्या सांगण्यात चुका काढत होती. तिनं काढलेल्या काही चुका बरोबर निघाल्या.

डॉक्टरकडं परत गेलो तेव्हा मी आधीच सांगून टाकलं, "मागच्या खेपेले मी उलटं बोललो. दोष निघाला. पण कूलरचा नाही, टाकी न धुण्याचा."

"दोन्ही असू शकतं, काका," तो म्हणाला. "औषध मात्र चालू ठेवा."

मला वाद घालायची उबळ आली. पण तो म्हणत होता ते खरंच असू शकत होतं. खोकला हळूहळू उतरला. टाकी धुतल्यानं, की औषधानं, की कूलर बंद राहिल्यानं, हे मी छातीठोकपणे सांगत नाही. एकामागून एक झालं म्हणून एकामुळं दुसरं झालं असं धरू नये, हे मी सुनेकडून शिकलोच होतो. पूर्वी मी सांगितलं असतं. ती आता दाराची चौकट न धरता हॉलमध्ये येते, एवढं मी पाहतो.

एका सकाळी धुतलेला कूलर परत खिडकीला लावायचा होता. पोरगा एका बाजूनं उचलायला उभा होता. तेवढ्यात बायको म्हणाली, "झोपायच्या खोलीत नको. हॉलात लावा."

माझ्याकडं तीन कारणं तयार होती. टाकी आता स्वच्छ आहे. हॉलची खिडकी लहान आहे. पोरगा झाला तेव्हापासून तो तिथंच आहे. तिन्ही कारणं चांगली होती, मी तपासून पाहिली होती. मी तोंड उघडलं आणि विचारलं, "काहून वं?"

"काही कारण नाही. मले नको वाटते."

कारण नसलेल्या म्हणण्याला मी आयुष्यात कधी किंमत दिली नव्हती. पण छाती तिची होती, श्वास तिचा होता आणि सांगायला तिनं किती वर्षं घेतली होती. मी आत गेलो, जुनी मोजपट्टी शोधून आणली आणि हॉलच्या खिडकीला लावली. माझ्या हातात ती हलत होती. दुसरं टोक बायकोनं धरलं, तेव्हा स्थिर झाली.

"किती भरली?" मी विचारलं, कारण मला बारीक आकडे दिसत नाहीत.

"दोन बोटं कमी पडते."

"बसवतो. चौकटीची पट्टी कापली की झालं."

"तुम्ही नाही," ती म्हणाली. "पोरगा बसवील. तुम्ही सांगा."

मी खुर्ची ओढून बसलो आणि सांगू लागलो.